गेटजवळची साय

३ फेब्रुवारी

मोठे काका,

आधी कान पकडते. तीन महिने रोज ठरवतेय की आज काकांना लिहायचं, आणि रोज काहीतरी आडवं येतं. एकदा पेन संपलं. एकदा पेन होतं तर कागदावर कोणीतरी पत्त्यांचे गुण मांडून ठेवले होते. आणि एकदा, खरं सांगते, पेन, कागद, वेळ सगळं होतं, तर समोरच्या इमारतीत एक माणूस गादी जिन्यावरून वर न्यायला लागला. गादी वळेचना. मी दोन तास बघत बसले. शेवटी त्याने ती जिन्यातच टाकली आणि तिच्यावर बसून राहिला.

फोन केला असता, पण तुमचे कान. तीस वर्षं त्या घोटाईच्या मशीनमागे चाललात, आता मी 'बरी आहे' म्हटलं की तुम्ही 'कोण मेलं?' विचारता.

तर बातमी अशी की मी बर्फाचा कारखाना सोडला. छापखाना त्याच्या आधीच सोडला होता. तुम्हाला शिलाईपर्यंतचंच माहीत असेल. बाबांना सांगू नका असं लिहिणार होते, मग आठवलं, तुम्ही कुठून सांगणार! सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, त्याचा मला झालेला हा एकच फायदा.

आता जे काम करतेय ते ऐकून तुम्ही मला घरात घेणार नाही. तुम्ही जन्मभर कोबा गुळगुळीत केलात, मी तो खरबरीत करते. शॉट ब्लास्टिंग म्हणतात. चाकांवर ठेवलेल्या कपाटाएवढं मशीन असतं. त्याच्या पोटातलं चाक गरगर फिरून मोहरीएवढे लोखंडी छर्रे जमिनीवर मारतं. छर्रे वरची कच्ची कातडी उडवतात आणि उसळून परत मशीनमध्ये जातात. धूळ जाड पाइपातून पोत्यात. मागे राहते करकरीत जमीन, मांजराच्या जिभेसारखी. मग तिच्यावर नवीन रंग चढवतात, तो घट्ट धरतो. त्या कच्च्या कातडीला आमचा मुकादम साय म्हणतो. 'सायीवर रंग मारला की रंग सायीला धरतो, जमिनीला नाही,' हे तो दिवसातून चारदा म्हणतो.

मशीन माझ्याकडे आहे! नियम एकच. छर्रे सुरू असताना उभं राहायचं नाही. उभं राहिलात की खाली खड्डा. मुकादम म्हणाला, 'तुला एका जागी थांबता येत नाही ना? मग हे काम तुझंच.' माझ्यामागून एक पन्नाशीचा गडी लोहचुंबकाची गाडी ढकलत सांडलेले छर्रे गोळा करतो. त्याला सगळे चुंबक म्हणतात, कारण लोकांची पेनंही त्याच्याच खिशात सापडतात. हे पत्रही त्याच्या पेनाने. म्हणजे माझ्याच.

सध्या एक मोठा हॉल आहे, माल साठवायचा. कारखाना चालूच आहे, ते जसजसा रिकामा करून देतील तसतसं आम्ही सरकायचं. गेटजवळचा रंग सारखा सोलवटतो म्हणे. दोनदा लावला, दोनदा गेला.

काकूला सांगा केस कापलेत. छर्रे निघत नव्हते.

तुमची भिंगरी


८ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

पत्र मिळालं. काकूने मोठ्याने वाचून दाखवलं, मला ऐकू आलं नाही, मग मी माझं वाचलं. केसांवरून ती चिडली आहे.

हॉलमध्ये खांब किती? गेट उताराच्या अंगाला आहे का? गेटच्या डाव्या हाताला भिंतीत लोखंडी कडी आहे का?

तसं असेल तर ते काम सोड. धूळ वाईट असते. तू तशीही सोडतेसच.

काका


१३ फेब्रुवारी

मोठे काका,

खांब चौदा. गेट उताराच्या अंगाला. कडी आहे, चुंबकने तिला डबा अडकवलाय. आता तुम्ही सांगा, घरी बसून तुम्हाला कडी कशी दिसली?

नका सांगू. मी मुकादमला विचारलं, हा कोबा कोणी केला. तो म्हणाला, 'दोन भाऊ होते. एक माल कालवायचा, एक घोटायचा. जोडी नामांकित होती. या गेटापायी फुटली.'

मी गप्प बसले. मी कधी गप्प बसत नाही, त्यामुळे चुंबकने कपाळाला हात लावून पाहिला.

म्हणजे हाच तो कोबा. काका, मी नऊ वर्षांची होते. मला इतकंच आठवतं की तुम्ही आमच्याकडे यायचे थांबलात आणि बाबांचे सिमेंटचे कपडे बाहेरच्या दोरीवर दिसायचे थांबले. घरात विचारलं की एकच वाक्य, 'त्याने वरून पाणी मारलं.' तुमच्याकडे सुट्टीत यायचे तेव्हा काकूला विचारलं की दुसरं वाक्य, 'त्याने मालात पाणी जास्त घातलं.' मला वाटायचं मोठी माणसं पाण्यावरून किती भांडतात.

आता समजतं. माल पातळ कालवला तर कोबा आतपर्यंत भुसभुशीत. माल चांगला पण घोटताना वरून पाणी मारलं, तर खाली दगड आणि वर जाड साय. दोन्हीत रंग सुटतोच, वरून बघून सांगता येत नाही. याआधीच्या लोकांनी नुसतं तेजाब टाकून धुतलं आणि रंग फासला, त्यामुळे कोणी खाली पाहिलंच नाही. माझं मशीन बघेल.

बाबांनी तेव्हापासून कालवायचं फावडं हातात धरलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना? कोणी धरूच दिलं नाही. 'पाणीवाला' म्हणायचे. आता ते एका गोदामाच्या दारात बसून गाड्यांचे नंबर लिहितात. मी घरी टिकत नाही त्याचं एक कारण तेही आहे. संध्याकाळी ते भिंतीकडे तोंड करून जेवतात.

आणि मला कळलं तुम्ही मला काम सोडायला का सांगताय. तुम्ही बाबांना झाकताय. पोरीच्या हातून बापाची चूक उघडी पडू नये म्हणून. काका, तुम्ही फार चांगले आहात, पण मी काही आता नऊ वर्षांची नाही. असेल तर असेल. बघितल्याशिवाय मला झोप लागायची नाही, आणि तशीही खोलीतली दुसरी मुलगी झोपेत शिट्टी वाजवते. खरंच वाजवते. सुरात.

भिंगरी


१८ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

मी कोणाला झाकत नाही.

ऐकणार नसशील तर निदान गेटपासून सुरू करू नका. लांबच्या भिंतीकडून या. पाच नंबरच्या खांबापासचा कोबा नीट बघ, मशीन फिरवायच्या आधी. तसा आता कोणी करत नाही.

गेटाजवळ मशीन मुकादमाला धरू दे. तू धरू नकोस.

काकू विचारते, पोटभर खातेस का.

काका


२ मार्च

मोठे काका,

काम छान चाललंय. हवा बरी आहे. लांबच्या भिंतीकडून सुरू केलं, तुम्ही म्हणालात तसंच. पाच नंबरच्या खांबापाशी मी मशीन बंद करून बसलेच. जुन्या रंगाचा एक पापुद्रा निघाला होता आणि खाली तुमचा कोबा. काका, त्यात नळीचा दिवा दिसत होता. दिव्यावरची माशीसुद्धा. मला तो खरबडवायचं जिवावर आलं. मुकादम ओरडला, 'आरसा बघायचा तर घरी जा!' मग फिरवलं. तिथे साय अशी नव्हतीच, छर्रे नुसते टणटण उडत होते, दोन फेऱ्या माराव्या लागल्या. मुकादमकडे रबराचे नमुने असतात, जमीन किती खरबरीत झाली ते बोटाने ताडून बघायला. त्याने चार ठिकाणी बोट फिरवलं आणि म्हणाला, 'ज्याने केलं त्याला नमस्कार.'

मी नव्या बुटांचंही सांगणार होते. डाव्याचा अंगठा वर आलाय.

बूट राहू देत. मी उगाच लांबण लावतेय. गेट परवा झालं. मशीन मीच धरलं.

काका, तिथे साय जाड निघाली. धुळीचं पोतं दहा मिनिटांत भरलं. मधेच मला वाटलं ही संपणारच नाही, खालपर्यंत अशीच जाणार, आणि मी मनातल्या मनात बाबांशी भांडायलाही लागले होते. मग आवाज बदलला. टणटण. मी छर्रे बंद केले, मशीन मागे घेतलं, खाली बसून खिळ्याने ओरखडा काढून पाहिला. खिळाच झिजला. खडी नुसती चमकत होती. मुकादमने हातोडी मारली आणि म्हणाला, 'मालात खोट नाही. हे वरून मारलेलं पाणी.'

खाली दगड आहे, काका.

तुम्ही लिहा.

भिंगरी


७ मार्च

चि. भिंगरी,

मला ठाऊक होतं. अकरा वर्षं ठाऊक आहे.

त्या दिवशी मालक पाहुण्यांना घेऊन आला होता. पाच नंबरच्या खांबापाशी मी त्यांना कोब्यात त्यांचंच तोंड दाखवत होतो. 'वाका साहेब, दात दिसतात का बघा.' एक वाकला, मग सगळे वाकले. हसले. मीही हसलो. अर्धा तास गेला असेल. धाकटा गेटाकडून हाका मारत होता, 'दादा, माल धरतोय, दादा.' मला ऐकू आलं. तेव्हा मला ऐकू येत होतं.

गेलो तर माल घट्ट झालेला, थापी उमटेना. झाडू पाण्यात बुडवला आणि शिंपडलं. एकदा नाही, तीनदा. मग लोण्यासारखं घोटलं गेलं. धाकटा म्हणाला, 'दादा, हे सुटेल.' मी म्हटलं, 'तू तुझं कालवायचं बघ.'

सहा महिन्यांनी गाड्यांच्या चाकांखाली रंग सुटला. मालकाने दोघांना उभं केलं. विचारलं मला, कारण मोठा मी. माझ्या तोंडून निघालं, 'माल पातळ होता.' निघालं ते निघालं. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं आणि फावडं तिथेच ठेवून गेला. मला वाटलं संध्याकाळी जाऊन बोलू. संध्याकाळी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी दुसरं काम होतं. मग ते वाक्य इतक्या लोकांपुढे बोलून झालं की मलाच खरं वाटायला लागलं.

काकूलाही हे आजच कळलं. ती माझ्याशी बोलत नाही. बोलली तरी मला ऐकू येणार नाही, पण ती ओठही हलवत नाही.

तू काम सोड असं म्हणालो ते यासाठी. धुळीसाठी नाही.

काका


१७ मार्च

काका,

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी पिशवी भरली. बंदरावर मासळीच्या शीतगृहात माणसं हवीत असं कळलं होतं. स्टँडवर जाऊन बसले. एक बस गेली, दुसरी गेली, तिसरीचा कंडक्टर तर म्हणाला, 'ताई, तुम्हाला जायचंय की गाड्या बघायच्यात?' मी त्याला शिवी दिली. चांगला माणूस होता.

काका, मला तुमचा फार राग आलाय. तुम्ही मला लहानपणी कोब्यावर घसरायला शिकवलंत, मोज्यांवर. मला घरात कोणी ओरडलं की मी मनात म्हणायचे, काका असते तर. आणि ते भिंतीकडे तोंड करून जेवत होते. मीही त्यांना वर्षानुवर्षं पाणीवालाच समजत आले. तोंडाने कधी म्हटलं नाही, पण समजत आले. हे कोणी उडवायचं माझ्या डोक्यातून? त्याला काही मशीन आहे का?

बाबांना मी सांगणार नाही. मी का सांगू? चूक तुमची, तोंडही तुमचंच लागेल. त्यांना तुम्ही लिहा. आणि गोल गोल नको, 'मोठ्या मनाने विसर' वगैरे काही नको. काय झालं ते लिहा.

आता दुसरं. साय काढल्यावर गेटाजवळचा तो पट्टा बाकीच्या जमिनीपेक्षा बोटभर खाली गेलाय. गाड्यांची चाकं आपटतील. तिथे नवीन मालाचा पातळ थर द्यायचा आहे आणि तो हाताने घोटायचा आहे, उतार आहे म्हणून तिथे मशीन चालत नाही. बाकी हॉल रंगून झालासुद्धा. थर २६ तारखेला टाकायलाच हवा, नाहीतर कारखाना आपल्या गाड्या तशाच आत घालणार आणि सगळी मेहनत धुळीत. मुकादमला हाताने घोटणारा मिळत नाहीये. मी म्हटलं, माझ्या माहितीत एक आहे. तो म्हणाला, 'कसा आहे?' मी म्हटलं, 'हात चांगला आहे.' पुढचं काही सांगितलं नाही.

या आणि तुमचं तुम्ही नीट करा.

मी गेले नाही. इथेच आहे. पिशवी अजून भरलेलीच आहे, ते वेगळं.

भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरी,

धाकट्याला पत्र टाकलं. चार लिहिली, चार फाडली. चौथं चांगलं चार पानी होतं. काकूने वाचलं आणि म्हणाली, 'यात तुम्हीच बिचारे दिसताय.' म्हणजे बोलली. ओठांवरून कळलं. मग पाचवं लिहिलं. त्यात इतकंच आहे: 'मी तीनदा पाणी मारलं. तुझा माल चोख होता. मालकासमोर मी खोटं बोललो.' खाली सही.

पेटीत टाकलं तरी हात आतच राहिला. काकू म्हणाली, 'काढा आता, लोक बघतायत.'

मी तिथे येणार नाही. गुडघ्यांचं कारण सांगता आलं असतं, पण आता कारणं पुरेत. त्याचं काही उत्तर आल्याशिवाय त्या गेटात मी कोणत्या तोंडाने वाकून बसू? मुकादमाला दुसरा माणूस बघायला सांग. थर टाकायच्या आधी जमीन ओली करा, पण पाणी साचू देऊ नका. वरून एक थेंब नाही. कोणी कितीही म्हणो.

मुकादमाला माझं नाव सांगितलंस तरी चालेल. काय झालं तेही सांग.

काका


२५ मार्च

मोठे काका,

घाईत लिहितेय, छर्ऱ्यांच्या पोत्यावर कागद ठेवून, त्यामुळे अक्षर असं. आमची धूळ नेणारा ट्रक तुमच्या रस्त्याने जातो, ड्रायव्हर संध्याकाळच्या आत तुमच्या हातात देईन म्हणालाय. त्याने तुमची गल्ली विचारली तर मी सांगितलं, जिथे बाई ओरडून बोलत असेल ते घर.

मुकादमला सगळं सांगितलं. त्याने बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवलं. मला वाटलं आता तुम्हाला काहीतरी बोलेल. म्हणाला, 'मग तर त्यालाच आणायला हवा.' पण तुम्ही येत नाही म्हटल्यावर त्याने भिंतींचा गिलावा करणारा एक जण बोलावलाय. मी त्याची थापी पाहिली. भिंतीची थापी! चुंबकसुद्धा हसला.

काल बाबांना फोन केला. मी त्याच हॉलवर आहे आणि गेटाजवळ २६ला नवा थर पडतोय, इतकंच सांगितलं. मग म्हटलं, पत्र आलं का? म्हणाले, आलं. म्हटलं, वाचलं? म्हणाले, 'मला वाचता येतं.' म्हटलं, मग? तर म्हणाले, 'गाडी आली,' आणि ठेवला. गाडी आली असेलही. तिथे गाड्या येतातच. पण मी रात्रभर त्या 'मग'च्या पुढे काय असेल तेच जोडत बसले. चिडलेत? रडले? आईला फोन केला तर ती म्हणाली, काल जेवताना ताट घेऊन बाहेर पायरीवर बसले, आणि आज पहाटे कुठे जातो ते न सांगता निघून गेले. गोदामात गेले नाहीत. काका, माझ्या हट्टाने मी हे सगळं उकरलं. कालपासून हॉलमध्ये उगाच फेऱ्या मारतेय, रंगलेल्या भागावरून मोजे घालून. तुम्हाला माझा राग आला असेल तर

थांबा. वॉचमन बोलावतोय. गेटात कोणी उभं आहे, नाव सांगत नाही.

काका, बाबा आलेत.

जुनी पँट घालून, खांद्यावर फावडं. मला बघून नुसती मान हलवली आणि सरळ त्या पट्ट्यापाशी जाऊन उकिडवे बसले. तळहाताने जमीन चाचपून पाहिली, सगळीकडून, खूप वेळ. मग मुकादमला म्हणाले, 'माल मी कालवणार. घोटायला कोण आहे?'

मुकादमने गिलाव्यावाल्याकडे बोट केलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, 'तो नको. मोठ्याला सांगा.'

मुकादम म्हणाला, 'ते येत नाही म्हणतात.'

'उद्या सकाळी सातला मी पाणी घालतोय,' बाबा म्हणाले. 'तेवढं कळवा.'

ट्रक चालू करून ठेवलाय, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. तो उद्या पहाटे पाचला रिकामा परत येतो, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबेल. हॉर्न तुम्हाला ऐकू येणार नाही, काकूला जागं राहायला सांगा.

भिंगरी